परातीतले मुंगळे

१२ जुलै २०२४. दिवसभर झोडपून पाऊस संध्याकाळी थांबला आणि एकदम उकडायला लागलं. कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दिव्याखाली पंखांचा सडा पडला होता. बहुतेक वाळवीचे. पण त्यातून दोन काळ्या, जाड पोटाच्या, बिनपंखांच्या बाया भिंतीच्या कडेकडेने घाईत निघाल्या होत्या. मुंगळ्याच्या राण्या! (कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस हे त्यांचं हजेरीपटावरचं नाव.) राणी पकडून मुंगळे पाळायचे म्हणून वर्षभर ज्याची वाट बघितली ते समोर आलं, आणि जवळ साधी डबी नव्हती. पर्समधल्या टिकल्यांची आणि गोळ्यांची अशा दोन डब्या तिथेच रिकाम्या केल्या आणि दोघींना वेगवेगळं आत घेतलं.

सासूबाईंनी दारातच विचारलं, "काय आणलंस?" सांगितलं. "अगं, जन्म गेला माझा मुंगळे हाकलण्यात, आणि तू हे विकतचं दुखणं घरात आणतेस?" विकतचं नव्हतं, फुकटचं होतं. पण ते मी बोलले नाही.

मुंगळ्यांचं लग्न हवेत लागतं. त्यानंतर नर मरतात. राणी खाली उतरते, आपले पंख आपणच पाडते आणि एखादा सांदीकोपरा शोधून स्वतःला कोंडून घेते. आता पुन्हा उडायचं नसतं, त्यामुळे पंख हलवणारे छातीतले भरदार स्नायू आतल्या आत जिरवून त्या शिदोरीवर ती पहिली पिल्लं वाढवते. बाहेर पडत नाही, खात नाही. म्हणजे पाळणाऱ्याला ह्या काळात कामच नसतं, आणि मी नेमकी इथेच माती खाल्ली.

भाच्याच्या जुन्या सामानातून दोन टेस्ट ट्यूब मिळाल्या. तळाला एक तृतीयांश पाणी, त्यावर घट्ट कापसाचा बोळा म्हणजे ओल झिरपेल पण पूर येणार नाही, मग राणी, मग तोंडाला कोरडा कापूस. एवढंच घर. एक नळी मी टेबलावर लॅपटॉपशेजारी ठेवली, कारण मला बघायचं होतं. दुसरी काळ्या मोज्यात घालून कपाटात साड्यांच्या मागे. टेबलावरचीने चौथ्या दिवशी अंडी घातली, मी मोजली, सात. रोज उचलून, टॉर्च मारून मोजायचे. दहाव्या दिवशी चार होती. पंधराव्या दिवशी एकही नाही. अस्वस्थ राणी स्वतःची अंडी खाते. उजेड, टेबलाचा हादरा, मिक्सरची घरघर, सगळं तिला मातीतून धोका आल्यासारखंच लागतं. तिला नर भेटलाच नसेल असंही असू शकतं, पंख पाडलेली प्रत्येक राणी लग्न झालेली असतेच असं नाही. पण माझ्या मनाला माझीच चूक खरी वाटली. ऑगस्टअखेर ती गेली.

कपाटातलीकडे मी आठवड्यातून एकदा लाल जिलेटीन कागद लावलेल्या टॉर्चने बघायचे. मुंग्यांना लाल उजेड फारसा दिसत नाही. अंड्यांच्या अळ्या झाल्या, अळ्यांनी स्वतःभोवती बदामी कोश विणले. लांबट, जिऱ्याहून जरा मोठे. ३० ऑगस्टला, म्हणजे बरोबर एकोणपन्नासाव्या दिवशी, पहिली कामकरी बाहेर पडलेली दिसली. मुंगळा म्हणावा असं तिच्यात काहीही नव्हतं. फिकट, चिमुकली, आपल्याच पायांत पाय अडकणारी. पहिल्या खेपेच्या सगळ्याच अशा खुज्या असतात, कारण त्यांना वाढवायला आईकडे स्वतःच्या अंगाशिवाय काही नसतं.

दोन दिवसांनी काडीच्या टोकावर साखरपाण्याचा थेंब आत सोडला. ती प्यायली, पोट काचेसारखं पारदर्शक झालं, आणि मग सरळ राणीकडे जाऊन तोंडाला तोंड लावून उभी राहिली. मिनिटभर तरी. दीड महिन्यानंतर बाईच्या पोटात पहिला घास गेला. त्या दिवशीची मीटिंग मी कॅमेरा बंद ठेवून केली.

पुढची चूक गणपतीच्या सुट्टीतली. पाच कामकरी झाल्या होत्या आणि मला बंगला बांधायची घाई. शेजारच्या बांधकामावरून सिपोरेक्सचा तुटका तुकडा मागून आणला. हा ठोकळा इतका हलका असतो की स्क्रूड्रायव्हरने आणि जुन्या चमच्याने कोरता येतो, आणि पाणी धरून ठेवतो म्हणून आत दमटपणा राहतो. सहा खोल्या, त्यांना जोडणारे बोगदे, वर काच. दिसायला फार देखणं. पाच मुंग्यांना ते म्हणजे पाच माणसांना शनिवारवाडा. त्या एका कोपऱ्यात गोळा झाल्या आणि उरलेल्या खोल्यांत उष्टंखरकटं टाकायला लागल्या. मी पाणीही सढळ हाताने घातलं होतं. आठवड्यात पांढरी बुरशी, काचेवर घाम, आणि त्या घामाच्या थेंबात अडकून एक मेली.

त्यांना हाताने हलवायचं नसतं, हे तोवर कळलं होतं. नवी, काळ्या कागदात गुंडाळलेली ओली नळी घरट्याच्या तोंडाला जोडली, काचेवरचा लाल कागद काढला आणि टेबललॅम्प लावून निघून गेले. पहिली रात्र काही नाही. दुसऱ्या रात्री एकीने जाऊन पाहणी केली, मग कोश तोंडात धरून फेऱ्या सुरू झाल्या. राणी सगळ्यांत शेवटी. तेव्हापासून माझा हिशेब एकच: नळीत गर्दी होऊन दाटी दिसेपर्यंत घर बदलायचं नाही. माझ्याकडे ते तीसच्या पुढे गेल्यावर झालं, थेट पुढच्या मे महिन्यात. आणि तेव्हाही त्या तुकड्यातल्या दोनच खोल्या उघड्या ठेवल्या, बाकीच्या प्लास्टरने बुजवल्या.

खाण्याचं सोपं आहे. कामकरींना गोड लागतं, वाढ अळ्यांची होते आणि अळ्यांना मांस लागतं. फवारा मारलेलं झुरळ चालत नाही, ते विष आत जातं. मला उपाय सापडला डासांच्या बॅटमध्ये. विजेने मेलेल्या डासात औषध नसतं. एका संध्याकाळी सासूबाईंनी कागदाच्या पुडीत सहा डास आणून दिले आणि म्हणाल्या, "हे घे, तुझ्या लेकींना." त्यानंतर बॅट त्यांच्याच ताब्यात आहे.

पळून जाऊ नयेत म्हणून, घरटं ज्यात ठेवते त्या डब्याच्या काठाला आतून टाल्कम पावडर स्पिरिटमध्ये कालवून लावते. वाळली की पाय घसरतात. पावसाळ्यात दमट हवेने ती पापुद्रे धरते, पुन्हा लावावी लागते. पण खरी भीती आतल्यांची नाही, बाहेरच्यांची. आमच्याकडे साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवतात, तसा मी मुंगळ्यांचा सगळा संसार पाणी भरलेल्या परातीत ठेवला होता. नोव्हेंबरमध्ये एका सकाळी बघते तर नळीच्या तोंडाशी बारीक तांबड्या मुंग्यांची रांग. पाणी जागेवर, परात जागेवर. आल्या होत्या लॅपटॉपच्या चार्जरच्या वायरवरून, जी मी आदल्या रात्री डब्यावर टाकून झोपले होते. चौदातल्या नऊ उरल्या. राणी वाचली.

मी चिमट्याने तांबड्या वेचत असताना सासूबाई मुंग्यांचा खडू घेऊन आल्या आणि टेबलाभोवती रेघ ओढायला वाकल्या. "अहो आई, नको! त्यातलं औषध आपल्या आणि बाहेरच्या मुंग्या असं बघत नाही."

"आपल्या?" त्या म्हणाल्या. खडू मात्र परत डब्यात गेला.

डिसेंबर-जानेवारीत पुण्याची थंडी पडली आणि अंडी बंद झाली. अळ्या होत्या तेवढ्याच राहिल्या. मी घाबरून नळीखाली गरम पाण्याची पिशवी ठेवली, तर आत नुसतं बाष्प धरलं. काढून टाकली. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापलं आणि ताजी अंडी दिसली, इतकंच. एप्रिलमध्ये उलट त्रास: नळीतलं पाणी बघता बघता संपतं, त्यामुळे दुसरी भरलेली नळी आधीच जोडून ठेवावी लागते.

२०२५ च्या जूनमध्ये पहिली मोठ्या डोक्याची कामकरी निघाली, बाकीच्यांच्या दुप्पट दांडगी. मोजणी आता सोडली आहे, साठ-सत्तर असतील. झाकण उघडलं की कधीकधी आंबूस वास नाकात जातो, ते त्यांचं फॉर्मिक आम्ल. डिवचलं की फवारतात.

जुलैत पार्किंगमध्ये पुन्हा पंखांचा सडा पडला. मी ऑफिसातून उशिरा आले, तर सासूबाई टॉर्च हातात घेऊन जिन्यावरून वर येत होत्या.

"तीन दिसल्या," म्हणाल्या. "नाही आणल्या. डब्या नव्हत्या."