रॅम बनावट की फक्त न जुळणारी?

दिवाळी अंकांची पानं लावायचा हंगाम आला की माझं मशीन रडायला लागतं. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड आणि ४ जीबी रॅम. मशीन बदलण्याइतके पैसे हाताशी नव्हते, म्हणून ८ जीबीची डीडीआर३ रॅम ऑनलाइन मागवली. स्टिकर नावाजलेल्या कंपनीचा होता, किंमत बाजारभावापेक्षा बरीच कमी आणि वर्णनात स्पष्ट लिहिलेलं: इंटेल, एएमडी, सगळ्या बोर्डांना चालते.

लावली तर पंखा फिरतो, पण डिस्प्ले येत नाही. जुनी रॅम परत घातली की मशीन सुरू. स्लॉट बदलला, सोनेरी पिना खोडरबरानं पुसल्या, बोर्डाच्या सेटिंग्ज जपणारा सीमॉसचा सेल काढून पाहिला, मशीन सुरू करणारं बायोस अपडेट केलं. काही फरक नाही.

आमचा नेहमीचा दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, डुप्लिकेट आहे, परत करा." विक्रेत्यानं कळवलं, "रॅम चांगली आहे, तुमचा बोर्ड जुना आहे, कंपॅटिबिलिटीसाठी रिटर्न मिळणार नाही." दोघांनीही तपासून काहीच पाहिलं नव्हतं. रॅम बनावट आहे का, हा एक प्रश्न. ती माझ्या बोर्डाशी जुळते का, हा दुसरा. दोन्हींचे पुरावे वेगळे लागतात आणि ते एकत्र कालवले की विक्रेत्याला निसटायला वाट मिळते. म्हणून मी ते वेगवेगळे तपासायचं ठरवलं.

भाच्याकडे एएमडीचं जुनं डीडीआर३ मशीन आहे. त्यात ती रॅम पहिल्या झटक्यात चालली, पूर्ण ८ जीबी दिसली. रात्रभर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवला, एकही एरर नाही. म्हणजे रॅम खराब नव्हती. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं आणि डिकोड-डिम्स नावाच्या प्रोग्रामनं तिची एसपीडी वाचली. प्रत्येक रॅमवर एक छोटी चिप असते, तीत त्या रॅमची कुंडली लिहिलेली असते: क्षमता, टायमिंग, उत्पादक, सीरियल नंबर. तिथे गुपित उघडलं. मेमरीच्या चिपची रुंदी, म्हणजे एका वेळी देता-घेता येणारे बिट, ४; आणि कॉलम, म्हणजे चिपमधली जागा शोधणाऱ्या पत्त्याचा एक भाग, ११.

याचा अर्थ असा. साध्या पीसीच्या ८ जीबी डीडीआर३ रॅममध्ये सहसा ८ बिट रुंदीच्या १६ चिप असतात, आठ-आठच्या दोन रँकमध्ये, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या दोन गटांत. माझ्या रॅमवरही चिप १६च होत्या, पण ४ बिटच्या, सगळ्या मिळून एकच रँक. मोजून फरक कळतच नाही. अशा ४ बिटच्या चिप मुख्यतः सर्व्हरच्या रॅमसाठी असतात. इंटेलच्या डेटाशीटमध्ये चौथ्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरला फक्त ८ आणि १६ बिटच्या चिप चालतात असं लिहिलेलं आहे. एएमडीच्या त्या काळच्या प्रोसेसरांना अशा ४ बिटच्या, ११ कॉलमच्या चिप चालतात, म्हणून बाजारात "फक्त एएमडीसाठी" अशा स्वस्त रॅम मिळतात. तसं सांगून विकल्या तर माझी काही तक्रार नाही. इथे ते लपवलं होतं. चिपवरचा नंबरही तेच सांगत होता: सॅमसंगच्या ४ गिगाबिट डीडीआर३ चिपवर के४बी४जी नंतर ०८ असेल तर ८ बिट, ०४ असेल तर ४ बिट. माझ्या रॅमवर ०४ होतं.

न जुळण्याचा प्रश्न मिटला. राहिला बनावटीचा. एसपीडीत उत्पादकाचा रकाना रिकामा आणि सीरियल नंबर सगळे शून्य. स्टिकरवर मात्र ऐटीत नाव आणि नंबर. त्या कंपनीच्या ग्राहक सेवेला दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले. हा सीरियल नंबर आमचा नाही, असं त्यांचं लेखी उत्तर आलं. ते उत्तर मला सगळ्यात मोलाचं वाटलं, कारण त्यापुढे माझ्या बोर्डाच्या वयाला काही अर्थच उरला नाही.

वर्णनाचा स्क्रीनशॉट, एसपीडीची प्रत, चिपचा फोटो आणि कंपनीचं उत्तर जोडून वेबसाइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार केली. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यांनी ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचं असतं. वस्तू बनावट किंवा वर्णनाप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला परत घ्यायला नकारही देता येत नाही. पोच आली, पुढे शांतता. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. त्यानंतर हालचाल झाली आणि पूर्ण पैसे परत आले. त्या विक्रेत्याचं पान मात्र आजही तसंच आहे, आणि याचा मला मनापासून राग येतो. ज्याच्या घरी एएमडीचं मशीन नाही, ज्याला भाचा नाही, त्यानं काय करायचं?

नंतर गावातल्या दुकानातून वापरलेली, पण खरी रॅम घेतली. लेबलवर २आर×८ पीसी३-१२८००यू असं छापलेलं बघूनच पैसे दिले: दोन रँक, ८ बिटच्या चिप, १६०० चा वेग, आणि शेवटचा यू म्हणजे साध्या पीसीची. तिथे आर असता तर ती सर्व्हरची. जुन्या ४ जीबीच्या जोडीला लावली, १२ जीबी दिसली. रात्रभर मेमटेस्ट लावूनच अंकाची फाइल उघडली.