नदीवर क्षेत्रभेट, आणि हमीपत्रातली ती एक ओळ

दहावीच्या भूगोलाचा पहिलाच पाठ 'क्षेत्रभेट'. आमच्या ठाण्याच्या मुलांनी उल्हास पाहिलेली असते ती घोडबंदरकडे, पार खाडी झालेली. राजमाचीच्या डोंगरातून उतरणारी उल्हास त्यांना दाखवायची, म्हणून कर्जतच्या वर कोंदिवड्याला जायचं ठरवलं. पालक, एसटी, जेवण, सगळं जमलं. अडलं ते शिक्षण विभागाच्या परवानगीवर.

हमीपत्रात छापील ओळ होती: समुद्रकिनारा, नदी, तलाव, विहीर अशा ठिकाणी सहल नेणार नाही. खाली मुख्याध्यापकांची सही. आणि आमचा विषय 'नदीचे कार्य'! फाइल परत आली. टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, नदी खोडा, 'कर्जत परिसर' लिहा. होऊन जाईल."

याचा मला आजही राग येतो. मुलं बुडाल्याच्या घटनांनंतर असे नियम कडक झाले आणि ते व्हायलाच हवे होते. पण कागदावरून नदी खोडली म्हणून मुलं पाण्याजवळ जायची थांबत नाहीत. उलट पालकांना कल्पना नसते, काठावर दोर नसतो, सोबत पोहणारा माणूस नसतो. मी खोडणार नाही म्हटलं. मग साहेब दौऱ्यावर, साहेब मीटिंगमध्ये, फाइल 'वर' गेलीय. बाकड्यावर बसून वह्या तपासल्या. मुलांच्या परीक्षा तोंडावर येत होत्या आणि ओढ्यांचं पाणी रोज आटत होतं, ते कोणाच्या गावीही नव्हतं.

शेवटी फाइल हलली ती जोडपत्रामुळे. त्यात पाठाचं पान लावलं, जागेचे फोटो लावले, कुठे घोट्याइतकं आणि कुठे गुडघ्याइतकं पाणी आहे ते नकाशावर दाखवलं, ग्रामपंचायतीचं पत्र जोडलं. जागा हीच का, तेही लिहिलं: पेज नदीत भिवपुरीच्या वीजगृहातून सोडलेलं पाणी येतं, त्यामुळे पाऊस नसतानाही पातळी वाढू शकते. म्हणून पेज उल्हासला मिळते त्याच्या वरच्या अंगालाच मुलं उतरतील. साहेबांनी हे वाचलं, दोन प्रश्न विचारले आणि 'गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये' अशी अट हाताने लिहून सही केली. इतका हायसं वाटणारा कागद मी नोकरीत पाहिला नव्हता.

क्षेत्रभेट छान झाली. १० मीटर टेप लावून पाण्यात संत्रं सोडायचं, वेळ मोजायची, त्यावरून पाण्याचा वेग काढायचा. पृष्ठभागाचा वेग सरासरीपेक्षा जास्त असतो, म्हणून ०.८५ ने गुणायचं. बेसॉल्टचे गोटे मुलांनी हातात घेऊन पाहिले; नदीच्या वरच्या अंगाचे कोनदार, खालच्या अंगाचे घासून गोल झालेले. फळ्यावर हे वर्षानुवर्षं सांगूनही पोचत नव्हतं.

तुम्ही जाणार असाल तर दिवाळीनंतर लगेच जा, नाहीतर वेग मोजायला पाणीच उरत नाही. चपला नकोत, पट्ट्याच्या सँडल हव्यात, शेवाळावरून पाय सटकतो. प्रस्तावात 'सहल' लिहू नका, 'क्षेत्रभेट' लिहा आणि पाठाचं नाव द्या. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. आणि हो, पालकांच्या संमतीपत्रात 'मुलं पाण्यात उतरणार आहेत' हे ठळक अक्षरात असू द्या. आमच्याकडे त्यावर एकाही पालकाने नकार दिला नाही.