खंभातच्या गढूळ पाण्यावर ओशन कलर शिकवताना

उपग्रहाच्या ओशन कलर डेटाचं, म्हणजे समुद्राच्या रंगावरून पाण्यात काय आहे हे ओळखण्याचं, प्रशिक्षण बहुतेक वेळा निळ्याशार, खोल समुद्राच्या चित्रापासून सुरू होतं. बडोद्यात वर्ग घ्यायचा असेल तर तसं करू नये, असं माझं ठाम मत आहे. इथून गाडी काढली की दोनेक तासांत कावी-कंबोई येतं. भरतीत स्तंभेश्वराचं मंदिर बुडवणारं, महीच्या आणि नर्मदेच्या गाळाने मातकट झालेलं खंभातच्या आखाताचं पाणी समोरच दिसतं. या पाण्यावर क्लोरोफिलचा, म्हणजे वनस्पतिप्लवकांमधल्या (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींमधल्या) हिरव्या रंगद्रव्याचा, तयार नकाशा सपशेल चुकतो. तो का चुकला हे ज्याला पायरीपायरीने सांगता येईल, त्याच्या हाती अरबी समुद्राचा कुठलाही नकाशा निर्धास्तपणे द्यावा.

म्हणून सुरुवातीला नकाशा काढूच देऊ नये. कागद, कॅल्क्युलेटर आणि एक सूत्र एवढंच पुरे. सीविफ्स या उपग्रहावरच्या सेन्सरसाठी बसवलेलं, क्लोरोफिल काढायचं ओसी-४ सूत्र घ्या. ४४३, ४९० आणि ५१० नॅनोमीटर या तीन बँडांपैकी (तरंगलांबीच्या पट्ट्यांपैकी) ज्याचं परावर्तन सर्वांत जास्त, त्याला ५५५ च्या परावर्तनाने भागायचं. आलेल्या गुणोत्तराचा दहाच्या पायाचा लॉग म्हणजे क्ष. मग क्लोरोफिलचा लॉग = ०.३२७२ − २.९९४० क्ष + २.७२१८ क्ष² − १.२२५९ क्ष³ − ०.५६८३ क्ष⁴. गुणोत्तर ४ असेल तर उत्तर येतं घनमीटरला सुमारे ०.१५ मिलिग्रॅम, २ असेल तर ०.४३, १ असेल तर २.१, आणि अर्धं असेल तर थेट ३२. हे चार आकडे प्रत्येकाने हाताने काढावेत. गुणोत्तर घसरलं की उत्तर किती झपाट्याने चढतं, हे त्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

आता खंभातचं पाणी घ्या. गाळ आणि विरघळलेले सेंद्रिय पदार्थ निळा प्रकाश शोषतात, आणि गाळाचे कण हिरवा-लाल प्रकाश उधळून परत पाठवतात. गुणोत्तर अर्ध्यावर येतं, आणि त्यात वनस्पतिप्लवकांचा हात फारसा नसतो. सूत्राला चिखल कळत नाही. ते ३२ मिलिग्रॅम सांगून मोकळं होतं. नकाशावर आखाताचं तोंड लालभडक दिसतं आणि ‘किनाऱ्यालगत प्रचंड उत्पादकता’ असं वाक्य अहवालात जातं. प्रत्यक्षात इतक्या गढूळ पाण्यात प्रकाश फार खोल उतरतच नाही, त्यामुळे प्लवकांची वाढ उलट रोखली जाते.

दोन गोष्टी याच वेळी सांगून टाकाव्यात. प्रत्येक सेन्सरचे सहगुणक वेगळे असतात. मोडिस या नासाच्या सेन्सरच्या परावर्तनावर सीविफ्सचे आकडे चालवू नयेत. शिवाय नासाच्या तयार क्लोरोफिल उत्पादनात अगदी स्वच्छ पाण्यासाठी दुसरंच, बँडांच्या फरकावर आधारलेलं सूत्र मिसळलेलं असतं. त्यामुळे कमी क्लोरोफिलला हाताचं उत्तर आणि फाइलमधलं उत्तर जुळलं नाही, तर तासभर चूक शोधत बसायला नको.

यानंतर वातावरण. इथे घाई करू नये, अख्खा दिवस द्यावा. निळ्या बँडमध्ये उपग्रहापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशात साधारण ९० टक्के वाटा हवेचा असतो, पाण्याचा जेमतेम १० टक्के. म्हणजे एकूण मोजमापात १ टक्का चूक झाली की पाण्याच्या आकड्यात ती १० टक्के होते. सेन्सर कितीही चांगला असला तरी अवकाशात गेल्यावर त्याचं मोजमाप हवाईजवळच्या मोबी बोयासारख्या (पाण्याचा प्रकाश मोजणाऱ्या तरंगत्या यंत्रासारख्या) स्थिर संदर्भाशी जुळवावं लागतं, ते याच कारणामुळे.

हवा वजा करण्याची रूढ रीत अशी: निकट-अवरक्तात, मोडिसच्या बाबतीत ७४८ आणि ८६९ नॅनोमीटरला, समुद्र काळा आहे असं धरायचं. तिथे जो प्रकाश दिसेल तो हवेतल्या धूलिकणांचा मानायचा, आणि त्यावरून निळ्या बँडमधला त्यांचा वाटा अंदाजून वजा करायचा. खोल समुद्रात हे नीट चालतं. खंभातमध्ये गाळ ८६९ लाही चमकतो. सगळी चमक धुळीच्या खात्यावर जाते, निळ्यातून गरजेपेक्षा जास्त वजाबाकी होते आणि ४१२ चं परावर्तन ऋण येतं. ऋण परावर्तन निसर्गात नसतं, म्हणून शिकणारे असे पिक्सेल सरळ पुसून टाकतात. तसं करू देऊ नका. ते पिक्सेल कुठे आहेत याचाच आधी नकाशा काढायला लावा. वजाबाकी कुठवर बिघडली आहे, हे त्या नकाशात स्पष्ट दिसतं. मोडिसमध्ये १२४० आणि २१३० नॅनोमीटरचे बँड वापरून बराच फरक पडतो, कारण तिथे गढूळ पाणीही बहुतांशी काळंच असतं. सेंटिनेल-३ उपग्रहाच्या ओल्सी सेन्सरमध्ये आणि ओशनसॅट-३ उपग्रहाच्या ओसीएम सेन्सरमध्ये एवढ्या लांब तरंगलांबीचे बँड नाहीत. ओल्सी १०२० ला थांबतो.

इतकं झालं की फाइल उघडावी. पायथनच्या एक्सअरे लायब्ररीने लेव्हल-२ ची (हवा वजा करून झालेली) नेटसीडीएफ फाइल उघडली की बहुतेकांना रिकामा डेटासेट दिसतो आणि फाइल बिघडली असं वाटून ती पुन्हा डाउनलोड केली जाते. फाइल ठीक असते. आकडे ‘जिओफिजिकल डेटा’ नावाच्या गटात असतात, अक्षांश-रेखांश ‘नॅव्हिगेशन डेटा’ गटात. दोन्ही गट नाव देऊन वेगवेगळे उघडायचे आणि जोडायचे.

मग फ्लॅग, म्हणजे प्रत्येक पिक्सेलमध्ये काय अडचण आहे हे सांगणाऱ्या खुणा. माझ्या मते अख्ख्या प्रशिक्षणात सर्वांत कमी वेळ यालाच मिळतो, आणि नंतरचा सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. फ्लॅगच्या एकाच पूर्णांकात बऱ्याच खुणा बिटांच्या रूपात भरलेल्या असतात. नासाच्या फाइलमध्ये १ म्हणजे वातावरणीय दुरुस्ती फसली, २ जमीन, ८ सूर्याची तीव्र चकाकी, २५६ शेजारच्या उजेडाची गळती, ५१२ ढग किंवा बर्फ. ‘फ्लॅग बरोबर ५१२’ अशी अट घातली की फक्त ढग असलेलाच पिक्सेल सापडतो. ढगाच्या कडेला जिथे उजेडाची गळतीही आहे तिथे आकडा ७६८ असतो, तो या अटीतून निसटतो आणि सरासरीत शिरतो. बरोबरीची अट घालायची नाही, बिटवाइज अँड करून तो बिट पेटलेला आहे का एवढंच पाहायचं.

ढगाच्या खुणेवरही खंभातमध्ये डोळे मिटून विश्वास ठेवू नये. नेहमीच्या जुळणीत ८६९ ला उजेडाचं प्रमाण ०.०२७ च्या वर गेलं की ढग मानला जातो. दाट गाळ ही मर्यादा सहज ओलांडतो. परिणामी सर्वांत गढूळ पाणी ढग म्हणून गाळलं जातं आणि उरलेल्या पिक्सेलची सरासरी आखात आहे त्याहून स्वच्छ दाखवते. खऱ्या रंगातलं चित्र शेजारी उघडून, ढगाच्या मास्कची (ढग म्हणून वगळलेल्या भागाची) कडा गाळाच्या पट्ट्याशी जुळतेय का हे नजरेने तपासावं. जुळली तर मास्क बदलायचा.

प्रत्यक्ष पाण्यावरचं काम होडीतून करावं. ओहोटीच्या चिखलात कुणालाही पायी उतरवू नये, इथे पाणी फार वेगाने परततं. रेडिओमीटर (प्रकाश मोजणारं यंत्र) खालच्या लंबापासून ४० अंशांवर आणि सूर्याच्या दिशेपासून १३५ अंशांवर धरायचा. पाण्याचं, आकाशाचं आणि वरून येणाऱ्या प्रकाशाचं मोजमाप लागोपाठ घ्यायचं. वारा सेकंदाला ५ मीटरच्या आत असेल तर आकाशाच्या मोजमापाचा ०.०२८ पट भाग पाण्याच्या मोजमापातून वजा करायचा. होडीची सावली आणि फेस टाळायचा.

नमुना गाळताना खुल्या समुद्रात लिटर-दोन लिटर पाणी लागतं. इथे काचतंतूचा २५ मिलिमीटरचा फिल्टर शंभर मिलिलिटरच्या आसपासच तुंबू शकतो. तुंबला म्हणून पंपाचा दाब वाढवला की पेशी फुटतात आणि क्लोरोफिल खाली वाहून जातं. गाळलेलं पाणी थोडं असलं तरी चालेल, पण किती गाळलं ते त्याच क्षणी लिहिलं पाहिजे. त्याशिवाय पुढचा हिशेबच होत नाही. क्लोरोफिलचा फिल्टर अंधारात, गोठवून न्यायचा आणि ९० टक्के अ‍ॅसिटोनमध्ये अर्क काढायचा. गाळाचा फिल्टर वेगळा, आधी वजन केलेला. तो डिस्टिल्ड पाण्याने कडेपर्यंत नीट धुवावा. मीठ राहिलं तर ते गाळ म्हणून वजनात येतं.

उपग्रहाशी तुलना करताना नेहमीचा नियम ५ × ५ पिक्सेलची चौकट आणि आगेमागे तीन तास असा आहे. तीन तासांत इथली भरती निम्मी उलटते, म्हणून खंभातसाठी अर्ध्या तासापेक्षा जास्त सूट देऊ नये, आणि चौकटही ३ × ३ ची ठेवावी. सेंटिनेल-३ सकाळी दहाच्या सुमारास जातो, ओशनसॅट-३ बाराच्या सुमारास. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे होडी तरंगण्याएवढं पाणी आणि उपग्रहाची वेळ दोन्ही जुळतील असे दिवस मोजकेच मिळतात. भरतीचं कोष्टक समोर ठेवून वर्गाच्या तारखा ठरवाव्यात. हॉलच्या सोयीने तारखा ठरवल्या तर क्षेत्रकार्याचा दिवस वाया जातो. पावसाळा ढगांमुळे बादच.

वर्ग फेब्रुवारीत आला तर आणखी एक सराव घेता येतो. त्या सुमारास उत्तर अरबी समुद्रात नॉक्टिल्युका या सूक्ष्मजीवाचे हिरवे बहर येतात. तिथलं क्लोरोफिल खरं असतं, खंभातचं लाल खोटं. दोन्ही ठिकाणचे प्रत्येकी दहा पिक्सेल काढून ४१२ पासून ६७० पर्यंतचा वर्णपट एकाच आलेखावर काढायला लावा. गाळाच्या पाण्यात लाल टोक उंच राहतं, बहराच्या पाण्यात ते खाली येतं.