पाऊस संपला, आता हब उघडायचे

शुक्रवार, संध्याकाळ

खानापूर तालुक्यात भात पिवळं पडायला लागलं की जुन्या जीपचं वर्षाचं काम काढायची वेळ झाली. कणकुंबी, आमगावचा पट्टा म्हणजे कर्नाटकातल्या सर्वांत जास्त पावसाच्या भागांपैकी एक. जूनपासून त्या बाजूचे ओढे ओलांडलेली गाडी धुतली की वरून चांगली दिसते. पाणी मात्र हाऊसिंगमध्ये (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या पेटीत), हबमध्ये (चाकाच्या मधल्या बेअरिंगच्या भागात) आणि ब्रेकच्या ड्रममध्ये बसलेलं असतं. ते तसंच राहिलं तर बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे ठिपके पडतात, आणि उन्हाळ्यात चोर्ला घाटात हब तापून जाम होतो. बिघाड मे महिन्यात दिसला तरी त्याचं मूळ आत्ताच्या पाण्यात असतं.

समोर आहे महिंद्राची एमएम ५४० जीप. इंजिन प्यूजोचं एक्सडीपी ४.९०, म्हणजे चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोर, २११२ सीसी. इंजिन फ्रेंच घराण्यातलं म्हणून त्याचे बोल्ट मिलिमीटरमध्ये. ॲक्सल, ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद वाटणारी पेटी), शॅकल (कमानीचं टोक चेसिसला जोडणारा दुवा) हे विलिसच्या, म्हणजे मूळ अमेरिकी जीपच्या घराण्यातले म्हणून तिथे इंची. पान्यांचे दोन्ही संच आजच वेगवेगळ्या पोत्यांवर मांडून ठेवले. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सुताच्या बोल्टावर १३ चा पाना चालून जातो, सहा सुताच्यावर १९ चा बसतो, पण साडेचार सुताच्या डोक्यावर १५ चा लावला की तो घसरतो आणि कोपरे गोल होतात. गंजलेला बोल्ट सोडवताना ही चूक फार महाग पडते. रात्रीच सगळ्या गंजलेल्या आट्यांवर डिझेल सोडून ठेवलं आहे, आणि गाडी सपाट जागी उभी केली आहे. ती रात्रभर हलवायची नाही.

शनिवार

मागचं हाऊसिंग. ड्रेन प्लगला हात लावण्याआधी वरचा लेव्हल प्लग सुटतो का ते पाहायचं. तेल खाली सोडून दिलं आणि वरचा प्लग गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागेवरच अडकते. वरचा सुटला. मग ड्रेन प्लग पूर्ण न काढता दोनच आटे सैल केला. पाणी तेलापेक्षा जड, रात्रभरात ते तळाला बसलेलं असतं, त्यामुळे तेलाआधी तेच ठिबकतं. चहाचा अर्धा कप पाणी आलं. मागोमाग आलेलं तेल दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं. म्हणजे पाणी नुसतं शिरलेलं नाही, क्राउन-पिनियनने, म्हणजे आतल्या गिअरच्या जोडीने, ते घुसळून तेलात मिसळलंही आहे.

असं तेल एकदा सोडून नवं भरलं की झालं, असं होत नाही. कोपऱ्यात, ॲक्सलच्या नळ्यांत दुधाळ साका चिकटून राहतो. अर्धा लिटर डिझेल ओतून, दोन्ही चाकं उचलून हाताने २०-२५ फेरे द्यायचे, डिझेल सोडायचं आणि प्लग उघडा ठेवून तासभर निथळू द्यायचं. मग साधं ९० चं गिअर ऑइल भरून २० किलोमीटर चालवायचं आणि गरम असतानाच ते सोडायचं. तेव्हा कुठे शेवटचं ईपी ९०, म्हणजे जास्त दाब सोसणारं गिअर ऑइल. प्रत्येक हाऊसिंगला साधारण सव्वा लिटर लागतं, पण माप लिटरवर ठेवू नये. लेव्हलच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत तेल आलं की थांबायचं. जास्त भरलं तर ते चाकाकडच्या सीलमधून ब्रेकवर येतं.

ड्रेन प्लगवर जमलेला कीस बोटांत चोळून पाहावा. राखाडी मलमासारखा लागला तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे तुकडे असतील तर कव्हर उघडल्याशिवाय पुढे जाऊ नये.

गिअरबॉक्सला मात्र हे ईपी तेल घालायचं नाही. हाऊसिंगच्या जीएल-५ दर्जाच्या तेलातली रसायनं गिअरबॉक्सच्या पितळी रिंगा खाऊ शकतात. तिथे जीएल-४ च हवं. दुकानात दोन्ही डब्यांवर ९० लिहिलेलं असतं, त्यामुळे खालची बारीक ओळ वाचून घ्यावी.

शनिवार, दुपार

सील तर ठीक दिसतात, मग पाणी शिरलं कुठून? ॲक्सलच्या नळीवर बोटाच्या पेराएवढी एक टोपी असते, ती म्हणजे ब्रीदर, आतल्या हवेची ये-जा होण्याची वाट. आपल्याकडचा जांभ्याचा लाल चिखल वाळला की सिमेंटसारखा होतो, आणि ही टोपी त्याने गच्च बसते. जांबोटीपर्यंत चालून आलेलं हाऊसिंग ७० डिग्रीला असेल आणि मलप्रभेच्या २५ डिग्रीच्या पाण्यात उतरलं, तर आतली हवा साधारण १३ टक्के आकसते. हवा आत यायला वरून वाट नसेल तर ती पोकळी सीलच्या ओठातून पाणी ओढून घेते. सील तेल बाहेर जाऊ न देण्यासाठी बसवलेलं असतं. बाहेरून येणारं पाणी अडवण्याचं बळ त्याच्यात थोडंच. म्हणून ओढ्यात सावकाश उतरलेल्या गाडीतही पाणी सापडतं.

यावरचा उपाय या गाडीवरच्या सगळ्या बदलांत स्वस्त आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचा. ब्रीदरची टोपी काढून त्याच आट्याचा नळीचा निपल बसवायचा. आटे अंदाजाने घेऊ नयेत, जुनी टोपी घेऊनच दुकानात जावं. त्यावर आतून ६ मिलिमीटर असलेली डिझेलची रबरी नळी, पुढे सुमारे दोन मीटर, मागे तीन. नळी ब्रेकच्या होजला धरून वर न्यायची, पण चेसिस जॅकवर उचलून चाकं पूर्ण लोंबकळत असताना मोजायची. उभ्या गाडीवर मापून कापलेली नळी पहिल्याच खड्ड्यात निपलावरून सुटते. वरची टोकं बॉनेटखाली, दोन्ही ॲक्सल आणि ट्रान्सफर केस मिळून एका जोडाला, आणि टोकाला मोटरसायकलचा छोटा पेट्रोल फिल्टर तोंड खाली करून. सायलेन्सरपासून वीतभर लांब ठेवावी. काम झालं की वरून तोंडाने फुंकून पाहायचं. लेव्हल प्लगच्या भोकाजवळ कान नेला की हवा ऐकू येते. आली.

रविवार

आजचा पूर्ण दिवस पुढच्या ॲक्सलला दिला.

हब उघडताना सर्कलिप, ड्राइव्ह फ्लँज, बाहेरचा लॉक नट, वाकवलेला वॉशर, आतला नट, बाहेरचं बेअरिंग असा क्रम. हे दोन मोठे नट छिन्नी-हातोडीने फिरवायची सवय आपल्या भागात सर्रास आहे. त्याने नटाच्या कडा फुटतात आणि पुढच्या वेळी बेअरिंगचा ताण हातात येतच नाही. जाड पाइपवर षटकोनी तोंड काढलेला हबचा पाना एकदा घ्यावा, तो आयुष्यभर पुरतो.

ग्रीस फिकट आणि साबणासारखं झालं असेल तर पाणी शिरलेलं आहे. बेअरिंग रॉकेलमध्ये धुवायचं, पण कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवायचं नाही. कोरडे रोलर ओरखडे घेतात. मग उन्हात धरून प्रत्येक रोलर पाहायचा. डावीकडचं आतलं बेअरिंग बाद: कपावर, म्हणजे बाहेरच्या कड्यावर, रोलरच्याच अंतराने काळे डाग, नखाला लागणारे. गाडी पाण्यातून येऊन उभी राहिली, तेव्हा प्रत्येक रोलरखाली जो थेंब अडकला त्याचा हा शिक्का. असा कप पॉलिश करून चालत नाही. जुना कप पितळी सळईने आळीपाळीने दोन बाजूंना ठोकत काढायचा. नवा बसवताना जुनाच कप बाहेरून किंचित घासून वर ठेवायचा आणि त्यावर ठोकायचं. बसेपर्यंत आवाज पोकळ येतो, तळाला टेकला की ठणकन भरीव येतो.

ग्रीस भरण्याची रीत: डाव्या तळहातावर लिंबाएवढं ग्रीस घ्यायचं आणि बेअरिंगची रुंद बाजू त्याच्या काठावर दाबत ओढायची. पिंजरा आणि कोन (आतलं कडं) यांच्या फटीतून ग्रीस आत जातं आणि वरच्या बाजूने रोलरांमधून शेवयांसारखं बाहेर येतं. तसं आलं की एक घर पुढे सरकवायचं. पूर्ण फेरा होईपर्यंत सोडायचं नाही. हबची पोकळी मात्र ठासून भरू नये. गरम झाल्यावर फुगलेलं ग्रीस सील ढकलून ब्रेक शूवर येतं.

ताण देताना चाक एका हाताने फिरवत आतला नट आवळायचा, चाक जड होईपर्यंत. मग नटाचा सहावा भाग मागे, म्हणजे षटकोनाची एक बाजू. चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि वर-खाली धरून हलवलं तर खटखट नको. मग वॉशर, बाहेरचा नट, आणि वॉशरची कड नटावर वाकवून बंद. बाहेरचा नट आवळल्यावर ताण बदलतो, म्हणून पुन्हा एकदा हलवून पाहायचं.

आता गोळा. या घराण्यातल्या जुन्या गाड्यांत पुढच्या ॲक्सलचं टोक चेंडूसारखं असतं आणि त्यावर नकल, म्हणजे चाक वळवणारा भाग, फिरते. मागून नमद्याचं आणि रबराचं सील त्या चेंडूवर घासत असतं. चेंडूवर गंजाचे खड्डे पडले की ते नवं सील महिनाभरात फाडतात, म्हणून नुसतं सील बदलणं व्यर्थ. ३२० च्या वॉटर पेपरने चेंडू गुळगुळीत केला, खोल खड्डे इपॉक्सीने भरले, रात्रभर वाळवून पुन्हा घासायचं आहे. आत घट्ट ग्रीस भरायची चूक बरेच जण करतात. ते एकदा कडेला फेकलं गेलं की परत वाहून येत नाही आणि वरचं किंगपिन बेअरिंग (नकल ज्या खिळीवर फिरते तिचं) कोरडं पडतं. पातळ, ओघळणारं ००० किंवा ०० नंबरचं ग्रीस घालावं.

स्टीअरिंगचं व्हॉबलिंग, ४० च्या पुढे गाडी हातात थडथडते ते, पुष्कळदा इथूनच येतं. लोक आधी स्टीअरिंग डँपर विकत घेतात. सील आणि टाय रॉड सोडवून नकल हाताने फिरवून पाहावी. आपोआप खाली लोळली तर किंगपिन सैल आहे. वरून आणि खालून सारख्याच जाडीची शिम (पातळ पत्र्याची चकती) काढायची. एकाच बाजूची काढली तर ॲक्सल मधोमध राहत नाही. नकल हाताने हलली पाहिजे, पण नेऊ तिथे थांबली पाहिजे.

मंगळवार

ट्रान्सफर केसच्या मागच्या सीलमधून तेल येत होतं. नवं सील लावूनही तिथून पुन्हा येण्याचं कारण योकवर, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट जोडायच्या तुकड्यावर, असतं. सीलचा ओठ जिथे टेकतो तिथे नख फिरवलं की अडकतं, वर्षानुवर्षांच्या धुळीने तिथे खाच पडलेली. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर योक घासून त्यावर बाही चढवून घेतली. घाई असेल तर नवं सील दोन मिलिमीटर बाहेर बसवायचं, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर टेकतो. हँडब्रेकचा ड्रम नेमका याच सीलच्या मागे आहे, त्यामुळे इथलं तेल थेट त्याच्या लायनिंगवर जातं. तेल प्यालेलं लायनिंग पेट्रोलने धुतलं तरी गरम झाल्यावर पुन्हा घाम सोडतं. बदलायचंच. घाटात उभ्या गाडीचा प्रश्न आहे.

ट्रान्सफर केसचं तेल आपोआप वाढलेलं आणि गिअरबॉक्सचं कमी झालेलं दिसलं तर मधलं सील गेलं आहे. वाढलेलं पाहून खुश होऊ नये.

बुधवार

ब्रेक. ड्रममध्ये वाळलेली लाल माती ओंजळभर निघाली. ती हवेने उडवू नये, जुन्या लायनिंगच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. पाण्याने भिजवून पुसून काढावी. व्हील सिलिंडरचं रबर उचललं आणि मागे ओल दिसली की सिलिंडर गळतो आहे. ब्लीडिंग, म्हणजे नळ्यांतली हवा काढणं, मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून गेल्या वर्षीची अर्धी बाटली वापरायची नाही.

गुरुवार

हेडलाइटला रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. ६० वॅटचे दोन दिवे म्हणजे १० अँपिअर, आणि हा सगळा करंट चाळीस वर्षं जुन्या रचनेच्या स्विचमधून जातो. दोन रिले, २.५ चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज. इंजिन ते चेसिस अर्थची पट्टी घासून नवी लावली.

शुक्रवार

लिफ्टबद्दल. शॅकल दोन इंच लांब केलं की गाडी एक इंच उचलते, आणि पुढच्या बाजूला कॅस्टर (किंगपिनचा मागे कललेला कोन) कमी होतो. स्टीअरिंग वळणानंतर स्वतःहून सरळ होत नाही. त्यापेक्षा थकलेल्या कमानीचे पाटे काढून पुन्हा वळवून घेतले, तर मूळची उंची परत मिळते, आणि बऱ्याच जीपना तेवढीच हवी असते. यू-बोल्ट नवे घालावेत आणि १०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत. ते सैल राहिले की मधला बोल्ट तुटतो आणि ॲक्सल मागे सरकतो.

स्नॉर्कल (इंजिनला उंचावरून हवा देणारी नळी) लावण्याआधी ब्रीदर. आणि इंजिन पाण्यात बंद पडलं तर सेल्फ मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. हीटर प्लग काढून, इंजिन हाताने फिरवून पाणी आधी बाहेर काढावं.

कागदांचं एवढंच. उत्पादकाच्या मूळ रचनेपासून दूर जाणारे बदल नोंदवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. कोल्हापूरहून एमएच ०९ ची जीप आणून इथे १२ महिन्यांहून जास्त ठेवायची असेल तर केए २२ ची, म्हणजे बेळगावची नोंद आणि इथला कर आलाच. घेण्याआधी चेसिसवर ठोकलेला नंबर आरसीशी जुळवून पाहावा. गंजलेल्या चेसिसवर नवा पत्रा वेल्ड करताना हा नंबर झाकला गेला तर पुढे फिटनेसला अडतं.

शनिवार

जांबोटीपर्यंत जाऊन परत. थांबल्यावर चारही हबवर तळहात ठेवला: तीन कोमट, डावा पुढचा थोडा जास्त गरम, पण हात टिकतो. नवं बेअरिंग आहे, पहिल्या ५० किलोमीटरला एवढं चालतं. हात टिकला नसता तर नट पुन्हा उघडला असता. साधं तेल गरम असतानाच सोडलं, फिकट झालेलं नव्हतं. ईपी ९० भरलं.

गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला आहे, त्यावर चारही चाकांच्या आणि गिअरबॉक्सच्या जागा खडूने आखून. उद्या सकाळी थेंब कुठे पडला आणि कोणत्या वासाचा, यावरून पुढचं काम ठरेल. गिअर ऑइलला गंधकाचा वास येतो, ब्रेक ऑइल बोटाला बुळबुळीत आणि जवळजवळ बिनवासाचं. यू-बोल्टसाठी डॅशवर किलोमीटरचा आकडा लिहून ठेवला.