निपाणीजवळच्या खाणीतून अकीक आणायला गेलो त्याची गोष्ट

मागच्या शनिवारी मी आणि माझा मावसभाऊ सकाळी सहालाच बेळगावातून बाईकवर निघालो, संकेश्वर टाकलं आणि निपाणीच्या अलीकडे हायवे सोडून आतल्या एका दगडखाणीवर गेलो. मी घरी चांदीत खडे बसवतो, आजवर घोटलेले तयार खडेच आणायचो, पण कच्चा अकीक (अंगठीत बसवतात तो पट्टेदार दगड, इंग्रजीत अगेट) स्वतः निवडून घ्यायचं कधीपासून मनात होतं. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे जुना लाव्हा, थंड होताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे पाण्यातून आलेली सिलिका (वाळू जिची असते ते द्रव्य) त्यात साचून अकीक, गारगोटी, स्फटिक तयार झाले, म्हणून खडीसाठी दगड फोडला की मधूनच हे निघतं. गोकाककडे मात्र शोधू नका, धबधब्याचा कडा वाळूच्या दगडाचा आहे.

खाणीवरच्या मामांनी बाजूला काढून ठेवलेलं पोतं ओतलं आणि वर बादलीभर पाणी मारलं. मी म्हटलं, मामा पाणी कशाला? तर म्हणाले, "रंग कळतोय की त्यात!" खरंच आहे, ओला दगड घोटल्यावर कसा दिसेल याचा अंदाज येतो, पण त्याच पाण्यानं तडे झाकले जातात. मी एक लिंबाएवढा दगड घेतला, छान राखाडी पट्टे होते, आणि उन्हात हातावर धरून बसलो. दोन-तीन मिनिटांत सगळा सुकून फिका झाला, फक्त या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बारीक काळी रेघ ओलीच राहिली. तो तडा, कटरवर धरला असता की दोन तुकडेच. तेव्हा ओला बघा, पण सुकेपर्यंत थांबा, घाई केली तर पैसे गेलेच समजा.

भावाला पांढरे चमचमणारे स्फटिक आवडले होते, मी घेऊ दिले नाहीत. ते सिलिकाचे नव्हेत, झिओलाइट नावाच्या मऊ खनिजाचे असतात, एक ते दहाच्या मोजपट्टीवर अकीकाची कठीणता साडेसहा-सातच्या आसपास तर ह्यांची बऱ्याचदा चारच्या आतबाहेर. खिशात स्टीलची सुई ठेवा, मऊ दगडावर ओरखडा उठतो, अकीकावर नाही. पूर्वी एका दुकानातून मी असाच एक घेतला होता, अंगठीत महिनाभर टिकला नाही, गिऱ्हाइकाला पैसे परत द्यावे लागले, फार वाईट वाटलं. आणि बाजारात भडक गुलाबी किंवा निळा अकीक दिसला तर तो बहुतेक रंगवलेला, कापसाला नेलपॉलिश रिमूव्हर लावून पुसून बघा, भेगांत रंग जास्त साचलाय का तेही बघा.

दिसला दगड की उचलला असं करू नका हं, अकीक 2015 पासून गौण खनिजात (राज्य सरकारच्या नियमांखालच्या खनिजांत) येतो, मालकाला विचारा, पैसे द्या, पावती घ्या. खानापूरकडे भीमगड अभयारण्यातून तर एक खडाही आणायचा नाही. सुरुंगाची वेळ आधी विचारून जा, आणि पावसाळ्यात जाऊच नका, खाणीत पाणी भरलेलं असतं.

300 रुपयांत अकरा दगड मिळाले, एकेक जुन्या पेपरात गुंडाळून आणला नाहीतर बाईकवर एकमेकांवर आपटून कोपरे उडतात. घासताना सतत पाणी सोडा, कोरडं अजिबात नको, गुजरातमधल्या खंबातच्या अकीक कारागिरांना ह्याच धुळीनं सिलिकोसिस (फुफ्फुसाचा आजार) झालाय, मास्क लावाच. मी 220 पासून 1200 ग्रिटपर्यंत (आकडा मोठा तितकी घासणी बारीक) घासतो, शेवटी चकाकीसाठी सेरियम ऑक्साइडची पूड. आतापर्यंत तीन खडे झालेत, त्यातला पट्ट्यांचा मोठा आईच्या अंगठीत बसवायला घेतलाय.