तुम्ही विचारलंत म्हणून: नुसत्या रिंगा टाकून भागत नाही का?

गॅरेजात आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. निळा धूर, ऑइल खाणं, चढाला दम टाकणं, ही सगळी लक्षणं मालक स्वतःच घडाघडा सांगतो. मी म्हणतो, बोअर करावा लागेल, म्हणजे सिलिंडर आतून कापून थोडा मोठा करावा लागेल, आणि त्या मापाचे पिस्टन नवे लागतील. की लगेच, "नुसत्या रिंगा टाकून भागत नाही का हो?" मग, "पलीकडचा तर रिंगांवर करून देतो म्हणालाय." आणि शेवटी आवाज खाली आणून, "खरं सांगा, बिल वाढवायचंय ना?"

नाही वाढवायचं. ब्लॉक, म्हणजे सिलिंडरांचा सांगाडा, बोअरिंगला कोल्हापुरात उद्यमनगरला जातो, त्याचे पैसे मशीनवाला घेतो. मला वरचे हेलपाटे. तरी आज एकदाच सगळं सांगून टाकतो. पुढच्या वेळी विचारलंत तर हेच वाचायला देईन.

पिस्टन सिलिंडरात गच्च बसलेला असतो असं पुष्कळांना वाटतं. तो मुद्दाम बारीक ठेवलेला असतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून जागा सोडावीच लागते, नाहीतर पिस्टन धरतो, म्हणजे अडकून बसतो. ती फट झाकायचं काम रिंगांचं, म्हणजे पिस्टनच्या खाचांत बसणाऱ्या, एका ठिकाणी कापलेल्या गोल पट्ट्यांचं. वरच्या दोन गॅस अडवतात, तिसरी ऑइल खरवडून खाली पाठवते. रिंगेचा स्वतःचा ताण थोडाच. खरा रेटा जळत्या गॅसचा. तो खाचेतून रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला भिंतीवर दाबतो. आणि हे होतं पिस्टन वरच्या टोकाला असताना, जिथे तो क्षणभर थांबून माघारी वळतो आणि ऑइलचा थर सगळ्यात पातळ असतो. मारुती 800 घ्या. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 68.5 मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, 72. तीन हजार आरपीएमला पिस्टन सेकंदाला 50 वेळा वर जातो आणि 50 वेळा खाली येतो. लाखभर किलोमीटर हे चाललं की सिलिंडर वरच्या टोकाला जास्त घासतो, खाली जेमतेम. त्यात कनेक्टिंग रॉड तिरका होऊन पिस्टनला बाजूच्या भिंतीवर रेटतो, त्यामुळे गोल होता तो लंबगोल होतो, ते वेगळंच.

पण अगदी वर काही मिलिमीटरचा पट्टा असा राहतो, की तिथे रिंग पोचतच नाही. तो कोराच राहतो. त्याच्याखाली पायरी पडते. आम्ही तिला कड म्हणतो. जुनी रिंग त्या कडेबरोबर झिजत आलेली असते, तिचा कोपरा गोल झालेला असतो, म्हणून ती गुमान माघारी वळते. नव्या रिंगेचा कोपरा धारदार. ती जाऊन कडेवर आपटते. कड ओळखायला गेज लागत नाही. भिंतीवर खालून वर नख फिरवायचं. अडलं, की कड आहे.

2011 च्या जुलैत माझं नख अडलं होतं.

गाडी गुरुजींची. त्यांनी मला सातवीला गणित शिकवलं होतं. जुनी घेतलेली 800, धूर मारत होती. म्हणाले, "अरे, माझी पेन्शन केवढी ते तुला ठाऊक आहे. रिंगांवर भागतंय का बघ." लेक रत्नागिरीला बाळंत झालेली, बारशाला जायचं होतं, सोमवारी निघणार होते. मी शनिवारी हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, खोललं. तीन सिलिंडरांपैकी एक नंबरला नख निसटलं, तीनला निसटलं, दोनला अडलं. कड कापायचं हत्यार वस्तादांकडे होतं. पण ते आणायला जायचं म्हणजे संध्याकाळ गेली, आणि शिवाय वस्ताद विचारणार, बोअर का करत नाहीस म्हणून. मी पॉलिश पेपर घेतला, कडेवर घासला. नख पुन्हा फिरवलं नाही.

हे एवढं वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. तेव्हा म्हणत होतो, फिरवलं असतं तरी काय फरक पडला असता. पडला असता. म्हणून तर फिरवलं नाही.

जाताना काही झालं नाही. येताना साखरप्याहून आंबा घाट चढताना टकटक सुरू झाली, मग धूर, मग गाडीने मानच टाकली. टेम्पो घेऊन मी पोचलो तेव्हा पाऊस कोसळत होता. गुरुजी छत्री धरून बॉनेटजवळ उभे, जणू छत्रीने इंजिनाला बरं वाटणार होतं. काकू आत, मांडीवर बारशाच्या घुगऱ्यांचा डबा. मला बघितल्याबरोबर म्हणाल्या, "आधी दोन घास खा."

गाडी दोराने टेम्पोला बांधली. तिच्या स्टिअरिंगवर माझा पोरगा, आम्ही तिघं टेम्पोच्या केबिनमध्ये. मलकापूर येईपर्यंत कुणी बोललं नाही. मग गुरुजींनी विचारलं, "तुला आधी कळलं होतं का रे?"

मी म्हटलं, "नाही."

दुसऱ्या दिवशी खोललं. दोन नंबरची वरची रिंग तुटून तिचे तीन तुकडे. पिस्टनची दोन रिंगांमधली भिंत उडालेली, आणि सिलिंडरात वरपासून खालपर्यंत ओरखडा. पाव मिलिमीटर बोअर करून तो निघाला नाही, अर्ध्यावर जावं लागलं. बोअर मोजला तर वरच्या टोकाला एक दशांश मिलिमीटर घासलेला. ऐकायला काहीच नाही. पण रिंगेचं तोंड, म्हणजे तिच्या कापलेल्या टोकांमधली फट, उघडतं परिघावर, म्हणजे व्यास वाढेल त्याच्या 3.14 पट. पाव मिलिमीटरचं तोंड थेट अर्ध्याच्या पुढे गेलेलं. म्हणजे कड नसती तरी ती गाडी ऑइल खातच राहिली असती. परिघाचं हे गणित मला कुणी शिकवलं होतं ते वर आलंच आहे.

मजुरी घेतली नाही. गुरुजी पुढे गावभर सांगत फिरले, पोराने एक पैसा मजुरी घेतली नाही. ते ऐकण्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

आता तुम्ही म्हणाल, एका गाडीवरून सगळ्यांना बोअर? हेच तर तेव्हाचा मी आत्ताच्या मला ऐकवतो. वस्तादांनी हयातभर किती इंजिनं रिंगांवर चालवली, ती काय सगळी घाटात बंद पडली? नाही पडली. मी स्वतः एका भाजीवाल्याच्या टेम्पोला होनिंग करून, म्हणजे सिलिंडरची भिंत दगडाने हलकी घासून, नुसत्या रिंगा टाकल्या. तीन वर्षं तो रोज पहाटे मार्केट यार्डात जात होता. त्याचा बोअर मोजला होता, नख कुठेच अडलं नव्हतं. म्हणजे तुमचा प्रश्न चुकीचा नाही. रिंगांवर भागतं, कधीकधी.

आणि हेही कबूल करतो, की काही वेळा मी मोजायच्या आधीच बोअर सांगतो. ते ज्ञान नव्हे, भीती आहे. त्या भीतीचे पैसे तुमच्या खिशातून जातात, हे मला कळतं. पण दर वेळी जिवाला घोर लावून घेण्यापेक्षा गिऱ्हाईक पलीकडे गेलेलं बरं वाटतं. हे योग्य का, माहीत नाही.

परवा एक जण हाच प्रश्न घेऊन आला. मी म्हटलं, "हेड खोलल्यावर सांगतो."

तो म्हणाला, "खोलल्यावर तुम्ही बोअरच सांगणार."

मी काही बोललो नाही. किल्ली ठेवून गेलाय. हेड उद्या खोलायचंय.