गॅरेजसमोरचा उचललेला पट्टा

अमेरिकेतल्या मिनेसोटात पेव्हरचे, म्हणजे फरसबंदीच्या ठोकळ्यांचे, काम करणाऱ्याला मार्चअखेरचे फोन ठरलेले असतात. बर्फ वितळून जमीन मोकळी झाली की लोकांना आपला ड्राइव्हवे, म्हणजे रस्त्यापासून गॅरेजपर्यंतची गाडीवाट, चार महिन्यांनी नीट दिसतो. बहुतेक तक्रारी कडेची पट्टी सुटल्याच्या, सांध्यांतली वाळू निघून गेल्याच्या किंवा बर्फ ढकलणाऱ्या फाळाने पेव्हरचे कोपरे उडवल्याच्या असतात आणि अर्ध्या तासात त्यांचा उलगडा होतो. मिनियापोलिसच्या पश्चिमेकडील एका उपनगरातले प्रकरण मात्र दुरुस्ती होऊन गेल्यावरही माझ्या मनात मिटलेले नाही, म्हणून ते लिहून काढतो आहे.

घरमालक सत्तरीचे, निवृत्त गृहस्थ. दोन उन्हाळ्यांपूर्वी त्यांनी एका ठेकेदाराकडून काँक्रीट पेव्हरचा ड्राइव्हवे करून घेतला होता. गॅरेजच्या दारापासून आठेक फुटांवर, ड्राइव्हवेला आडवा असा सुमारे चार फूट रुंदीचा पट्टा दोन इंच वर आला होता. त्यामुळे वितळलेले पाणी रस्त्याकडे जाण्याऐवजी पट्टा आणि दार यांच्यामध्ये साचत होते आणि रात्री त्याचा बर्फ होऊन गॅरेजचे दार खाली चिकटत होते. ठेकेदाराने हात वर केले होते. ‘हा मिनेसोटाचा हिवाळा आहे, त्याला मी काय करणार?’ असे तो म्हणाला होता. मालकांची खात्री होती की त्याने खालच्या खडीत चोरी केली. मी पट्टा उघडून पाहावा आणि तसा लेखी अहवाल द्यावा, अशी त्यांची अपेक्षा होती. ‘तसा’ हा शब्द त्यांनी उच्चारला नव्हता, पण तो ऐकू येत होता.

हिवाळ्यावर खापर फोडणारे वाक्य आमच्या धंद्यात फार चालते आणि मला त्याचा राग येतो. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते, म्हणून जमीन उचलली जाते, असे ग्राहकांना सांगितले जाते. एवढ्याने दोन इंचांचा उंचवटा येत नाही. स्टीफन टेबर या अमेरिकी भूशास्त्रज्ञाने 1930 च्या सुमारास पाण्याऐवजी बेंझीनने भिजवलेली माती गोठवून पाहिली होती. बेंझीन गोठताना आकसते, तरीही माती वर आली. खरी गोष्ट अशी की बारीक कणांची माती गोठू लागली की ती खालचे पाणी स्वतःकडे ओढून घेते आणि त्या पाण्याचे बर्फाचे थर एकावर एक वाढत जातात. त्यासाठी थंडी, बारीक माती आणि पाण्याचा पुरवठा या तिन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात. सोलापूरकडे रस्त्याच्या कामावर असताना आम्ही काळी माती काढून मुरूम भरत असू, कारण ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. इथल्या मातीत गाळाचे प्रमाण मोठे असून तिचा स्वभाव अगदी वेगळा आहे, पण पाण्याचा रस्ता शोधण्याची तिथे लागलेली सवय इथे रोज उपयोगी पडते.

उघडण्याच्या दिवशी जुना ठेकेदारही आला होता. मीच त्याला बोलावून घ्यायला सांगितले होते, कारण दुसऱ्याचे काम त्याच्या पाठीमागे उकरणे मला पटत नाही. सांध्यांतली पॉलिमरयुक्त वाळू गोठून दगडासारखी झाली होती. आमच्या फोरमनने पहिला पेव्हर मोकळा करायला बराच वेळ घेतला, मात्र एकही कोपरा तुटू दिला नाही. मूळचा मेक्सिकोचा हा माणूस प्लेट कॉम्पॅक्टरच्या आवाजावरून थर दबला की नाही ते सांगतो आणि त्याचा अंदाज चुकलेला मी क्वचितच पाहिला आहे.

पेव्हरखाली वाळूचा थर बरोबर एक इंच होता. अनाडी ठेकेदार खडीतला उंचसखलपणा वाळूने भरून काढतात आणि मग कुठे अर्धा इंच तर कुठे तीन इंच वाळू सापडते. तसे इथे काही नव्हते. वाळूही धुतलेली, भरड काँक्रीटची वाळू होती, पाणी धरून ठेवणारी दगडाची भुकटी नव्हती. खाली दहा इंच खडी होती. घरगुती ड्राइव्हवेला सहा इंच खडी किमान धरतात आणि थंड प्रदेशात तिच्यात दोन ते चार इंचांची भर घालतात, म्हणजे इथे कमाल मर्यादाच गाठलेली होती. खडी आणि माती एकमेकींत मिसळू नयेत म्हणून दोन्हींच्या मध्ये जिओटेक्स्टाइलचे कापड होते. पुष्कळ ठेकेदार ते गाळतात, कारण पैसे देणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. प्रत्येक चार इंचांच्या थरावर धुम्मस केल्याचे फोटो त्या ठेकेदाराच्या फोनमध्ये होते. असे काम मी स्वतः अभिमानाने दाखवले असते. मालक प्रत्येक मापानंतर माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते आणि मी आकडे मोठ्याने वाचत होतो.

कापडाखालची माती गोठलेली होती, म्हणून ब्रेकर लावावा लागला. निघालेले ढेकूळ उजेडात धरले तेव्हा त्यात चिरोट्यासारखे पापुद्रे दिसले: मातीचा एक पातळ थर, मग स्वच्छ बर्फाचा, पुन्हा मातीचा. खडीत बर्फ जवळजवळ नव्हता. सगळी उचल तिच्या खालून आली होती. खडी वीस इंच असती तरी हा उंचवटा कमी झाला असता, टळला नसता, कारण बर्फ खरवडून साफ ठेवलेल्या ड्राइव्हवेखाली गोठण तीन फुटांच्याही पुढे जाते. घराच्या पायासाठी इथला नियम 42 इंच खोलीचा आहे, पण ड्राइव्हवेसाठी कोणी तितके खणत नाही आणि खणायची गरजही नसते. पेव्हरचा पृष्ठभाग लवचिक असतो. तो सगळीकडे सारखा वर आला आणि सारखा खाली बसला, तर कोणाला कळतही नाही. घात होतो तो असमान उचलीने.

आणि इथली उचल विलक्षण आखीव होती. मातीच्या दोषाने आलेला उंचवटा वेडावाकडा असतो. या पट्ट्याच्या दोन्ही कडा समांतर होत्या. मी त्या रेषेने घराकडे पाहिले, तर छपराच्या पन्हळीचा नळ कोपऱ्यावर सरळ जमिनीत शिरत होता. दुसऱ्या टोकाला, हिरवळीच्या उतारावर, चार इंची वळ्यांच्या काळ्या प्लास्टिक पाइपचे तोंड बर्फाने बंद झालेले सापडले. तळघरात साचणारे पाणी उपसणाऱ्या संप पंपाचे पाणीही त्याच पाइपमध्ये सोडलेले होते. तोंड गोठले की पाणी मागे तुंबत होते आणि ड्राइव्हवेखालच्या सांध्यातून नेमके गाळमातीत उतरत होते. हिरवळीखाली तोच पाइप आणि तीच माती असूनही जमीन फारशी उचललेली नव्हती, कारण तिथे सगळा हिवाळाभर बर्फाचे पांघरूण होते आणि त्याच्याखाली गोठण खोल गेली नव्हती. ‘दोष थंडीचा नाही, पाण्याचा’ हे माझे नेहमीचे वाक्य त्यामुळे अपुरे ठरते. मालक काटेकोरपणे बर्फ काढत होते आणि त्यांच्या त्या काळजीचाही या उचलीत वाटा होता.

पाइप त्यांनी स्वतःच बऱ्याच वर्षांपूर्वी, तळघरात पाणी शिरल्यावर, एका किरकोळ कामे करणाऱ्याकडून टाकून घेतला होता. ‘मला कोणी विचारलेच नाही,’ ते म्हणाले. हेही खरे होते. खणण्याआधी 811 या, जमिनीखालच्या लाइनी दाखवून देणाऱ्या अमेरिकी सेवेच्या, क्रमांकावर फोन केला की गॅस, वीज आणि पाण्याच्या सार्वजनिक लाइनींवर रंगाच्या खुणा होतात, पण खाजगी पाइप त्या यंत्रणेत येत नाहीत. ठेकेदाराचे खोदकाम चौदा इंचांच्या आतबाहेर होते आणि पाइप वीस इंचांवर, म्हणजे त्याला तो दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

अहवालात मी खडी, वाळू आणि कापड यांचे काम निर्दोष असल्याचे लिहिले. मालकांनी तो परिच्छेद काढायची विनंती केली आणि मी नकार दिला. पुढच्याच परिच्छेदात मी हेही लिहिले की पन्हळ जमिनीत शिरताना दिसत असेल, तर ती बाहेर कुठे पडते हे विचारणे ठेकेदाराचे काम आहे. त्यावर ठेकेदार नाराज झाला. पेव्हर विकणारे रंगांच्या पुस्तिकेवर तासभर बोलतात आणि पाणी कुठून येते याबद्दल पाच मिनिटेही देत नाहीत. त्यांतला चांगला कारागीरही याच घाईत असतो, हे मला त्या दिवशी फार लागले.

दुरुस्ती आम्ही मे महिन्याच्या शेवटापर्यंत थांबवली. वरची माती वितळली तरी खाली गोठलेला थर पाणी अडवून धरतो आणि त्या चिखलावर धुम्मस करून काही साधत नाही. वसंतात राज्यातल्या अनेक रस्त्यांवर जड वाहनांच्या वजनावर कडक मर्यादा असते, तीही याच कारणासाठी. पाइप ड्राइव्हवेखालून काढून घराच्या बाजूने वळवला. गाळमाती काढून तिथे खडी भरली आणि खड्ड्याच्या दोन्ही कडा लांबवर निमुळत्या उताराने जुन्या मातीला मिळवल्या, नाही तर आज पट्टा उचलला गेला तसा उद्या भोवतालची माती उचलली जाऊन तोच खाली राहिला असता.

खर्च कोणी सोसायचा हा वाद दोघांमध्ये चालूच राहिला. फोरमनचे म्हणणे असे की पाइपच्या चरात सैल भरलेली माती रोलरखाली हाताला वेगळी लागलीच पाहिजे आणि ज्याला ती लागली नाही त्याने लक्ष दिले नाही. मला वाटते की जुलैच्या कोरड्या दिवसांत ही माती विटेसारखी कडक होते आणि चराचा मागमूस राहत नाही. या मुद्द्यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.